सान्निध्याचा भास आणि सहवासाचे कर्तव्य

जपानच्या चिबा प्रांतात इसुमी येथे कोफुकुजी नावाचे सुमारे साडेचारशे वर्षांचे जुने बौद्ध मंदिर आहे. २६ एप्रिल २०१८ रोजी या मंदिरात एक सामुदायिक अंत्यविधी पार पडला. धूप जाळण्यात आला, सूत्रपठण झाले. वेदीसमोर ११४ कुत्रे ओळीने मांडून ठेवलेले होते. त्यांच्या अंगावर चिठ्ठ्या लावल्या होत्या. हा कुत्रा कोठून आला, कोणत्या कुटुंबात राहत होता, याची नोंद त्या चिठ्ठ्यांवर होती. हे कुत्रे हाडामांसाचे नव्हते. 'सोनी' कंपनीने तयार केलेले 'आयबो' नावाचे ते यांत्रिक श्वान होते. या मंदिरात २०१५ पासून असे विधी होत होते आणि त्या दिवसापर्यंत सुमारे ८०० यांत्रिक कुत्र्यांना अशा रीतीने निरोप देण्यात आला होता.

ही हकिकत ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु हसण्यापूर्वी तिची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. १९९९ साली आयबो जपानमध्ये विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत अडीच लाख येन होती आणि तरीही पहिले ३००० नग अवघ्या वीस मिनिटांत संपले. २००६ साली कंपनीने उत्पादन थांबविले आणि २०१४ मध्ये दुरुस्तीची सोयही बंद केली. कंपनीच्या दृष्टीने एका मालाचे आयुष्य संपले होते. ज्यांच्या घरात हा कुत्रा दहा-दहा वर्षे वावरला होता, त्यांच्या दृष्टीने मात्र घरातील एक जीव आजारी पडला होता आणि त्याला वैद्य मिळत नव्हता. शेवटी सोनीतून बाहेर पडलेल्या काही अभियंत्यांनी दुरुस्तीचे काम हाती घेतले. नवे सुटे भाग मिळत नसल्यामुळे 'मृत' आयबोंचे भाग काढून 'आजारी' आयबोंना बसविण्यात येऊ लागले. त्याला लोक अवयवदान म्हणू लागले. भाग काढण्यापूर्वी त्या कुत्र्याला रीतसर निरोप द्यावा, या भावनेतून मंदिरातील विधी सुरू झाले.

हे लोक अडाणी नव्हते. घरातला कुत्रा यंत्र आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. असे असूनही त्याचे 'असणे' त्यांना जाणवत होते आणि त्याच्या जाण्याने घर रिकामे झाले होते. जाणते आणि जाणवते यांतील हे अंतर हाच आजच्या तंत्रज्ञानातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला विषय आहे. आभासी वास्तव, म्हणजे ज्याला आपण व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतो ते, आणि माणसाच्या सोबतीसाठी घडविलेले यंत्रमानव या दोन्हींचे सामर्थ्य याच अंतरात दडलेले आहे. येत्या काळात ही साधने प्रामुख्याने वृद्ध, रुग्ण, बालके आणि एकाकी माणसे यांच्यापर्यंत पोहोचणार आहेत. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही.

भास कसा निर्माण होतो?

प्रथम आभासी वास्तवाचा विचार करू. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. मॉर्टन हाइलिग या अमेरिकन चित्रपट छायालेखकाने १९६२ साली 'सेन्सोरामा' नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात बसलेल्या प्रेक्षकाला मोटारसायकलवरून ब्रुकलिनच्या रस्त्यांवर फिरल्याचा अनुभव येत असे. समोर चित्र, कानात आवाज, बैठकीला हादरे, चेहऱ्यावर पंख्याचा वारा आणि नाकाला वासही! १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालण्याचा संगणकीय पडदा तयार केला. तो इतका बोजड होता की, त्याचा सांगाडा छताला टांगावा लागे. परंतु त्यात एक मूलभूत गोष्ट साधली गेली होती. पाहणाऱ्याने मान वळविली की समोरचे दृश्य त्याप्रमाणे बदलत असे. १९८० साली मार्विन मिन्स्की यांनी 'टेलिप्रेझेन्स', म्हणजे दूरस्थ उपस्थिती, हा शब्द रूढ केला. एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राच्या हातांनी काम करावे आणि आपण तेथेच आहोत असे वाटावे, हे त्यांचे स्वप्न होते.

मान वळविताच दृश्य बदलणे ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण सारे रहस्य तिच्यातच आहे. आपण जगात आहोत याची खात्री आपल्याला डोळ्यांपुढील चित्राच्या सौंदर्यावरून पटत नाही. आपण हललो की जग त्या हालचालीला तत्काळ आणि अचूक प्रतिसाद देते, यावरून ती पटते. म्हणूनच मान वळणे आणि चित्र बदलणे यांतील विलंब सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागापेक्षा अधिक होऊ नये, यासाठी हे अभियंते जिवाचे रान करतात. विलंब वाढला की मोहिनी भंगते आणि घेरी येऊ लागते.

या विषयाचे एक अग्रगण्य अभ्यासक मेल स्लेटर यांनी २००९ साली या अनुभवाची दोन भागांत फोड केली. 'मी येथे आहे' हा झाला स्थळाचा भास आणि 'हे खरोखर घडते आहे' हा झाला घटनेचा भास. दोन्ही जुळून आले की माणूस आभासी जगातही खऱ्या जगाप्रमाणेच वागू लागतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात याचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आभासी खोलीच्या मध्यभागी खोल खड्डा दाखविण्यात आला आणि लोकांना त्याच्या काठावर उभे केले. जमीन सपाट आहे, हे प्रत्येकाला माहीत होते. तरी त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. पायाखाली अवघी दीड इंच उंचीची खरी फळी ठेवली, तेव्हा ते आणखी वाढले. डोळ्यांच्या साक्षीला पायांनी दुजोरा दिला आणि बुद्धीचे म्हणणे बाजूला पडले.

आपल्या तत्त्वचिंतनात रज्जुसर्पाचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. अंधारात दोरी पाहून साप वाटतो. साप खोटा असतो, पण सुटलेला घाम खरा असतो. दिवा आणला की दोरी दोरीच असल्याचे कळते आणि भय निवर्तते. आधुनिक तंत्रज्ञानाने या दृष्टान्तापुढे एक नवीच अडचण उभी केली आहे. येथे दिवा पहिल्यापासून लावलेला आहे, दोरी स्पष्ट दिसते आहे आणि तरीही घाम सुटतोच आहे.

याहून विचार करायला लावणारा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना एका आभासी स्त्रीची शब्दपरीक्षा घेण्यास सांगितले. ती चुकली की तिला विजेचा धक्का द्यायचा होता. ती स्त्री अस्तित्वात नाही, धक्के खोटे आहेत, हे सर्वांना माहीत होते. परंतु ज्यांना ती दिसत होती आणि तिचे विव्हळणे ऐकू येत होते, त्यांची मने व शरीरे खऱ्या माणसाला इजा करीत असल्याप्रमाणे अस्वस्थ झाली. माणसाची करुणा समोरच्याचे ओळखपत्र तपासून मग जागी होत नाही. हे तिचे सामर्थ्य आहे आणि हेच तिचे मर्मस्थान आहे.

मन कोणाचे?

आता यंत्रमानवांकडे वळू. आभासी वास्तव माणसाला दुसऱ्या जगात नेते. सोबती यंत्रमानव आपल्याच घरात एक दुसरे 'कोणी' आणून बसवितो. येथे तर भास निर्माण करण्यासाठी फारशा सामग्रीचीही गरज नसते. १९४४ साली हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक लहानसा चित्रपट दाखविला. त्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे सरकत होते. जे पाहिले त्याचे वर्णन करण्यास सांगितलेल्या ३४ जणांपैकी केवळ एकाने भूमितीच्या भाषेत उत्तर दिले. इतरांनी त्या आकृत्यांना सजीव मानले आणि त्यांत भांडणे, भय व पाठलाग पाहिले. हालचालीमागे हेतू शोधणे आणि हेतूमागे मन शोधणे ही माणसाची उपजत प्रवृत्ती आहे.

१९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकीय कार्यक्रम जगापुढे मांडला. समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करणे, एवढीच त्याची करामत होती. वायझेनबाउम यांच्या सचिव स्त्रीने हा कार्यक्रम घडताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरीही त्याच्याशी थोडा वेळ 'बोलल्यावर' तिने वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. तिला एकांत हवा होता! हा प्रसंग त्यांच्या मनाला इतका लागला की, १९७६ साली त्यांनी एक ग्रंथ लिहून यंत्राला जे करता येते ते सारे यंत्राकडून करवून घ्यावे काय, असा प्रश्न उपस्थित केला. स्वतःच्या निर्मितीविषयी इतक्या स्पष्टपणे सावध करणारा शास्त्रज्ञ विरळाच.

शब्दांना शरीराची जोड मिळाली की प्रभाव आणखी वाढतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'पारो'. जपानच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतील ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून यावर काम केले आणि २००५ मध्ये तो जपानच्या बाजारात आला. पारो म्हणजे पांढऱ्याशुभ्र, मऊ केसांचे सीलचे पिल्लू. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे मांडीवर घेतले तर तान्हे मूल घेतल्यासारखे वाटावे इतके. कुरवाळले की ते डोळे मिटते, नावाने हाक मारली की मान वळविते, फटकारले की केविलवाणा आवाज काढते. त्याच्या विद्युतभरणाची नळीदेखील बाळाच्या चोखणीच्या आकाराची आहे. सीलच का, याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. मांजर वा कुत्रा बनविला तर माणूस खऱ्या मांजराशी, कुत्र्याशी त्याची तुलना करतो आणि उणे काढतो. सीलचे पिल्लू मात्र कोणी घरात पाळलेले नसते. म्हणून तुलना होत नाही आणि उरलेली जागा माणूस आपल्या कल्पनेने भरून काढतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सान्निध्याचा भास यंत्राच्या पोटात नसतो. यंत्र फक्त एक आकार, एक नजर, एक वेळेवरचा प्रतिसाद पुरविते. त्यात प्राण ओततो तो माणूस. म्हणूनच 'यंत्राला भावना असतात काय?' या प्रश्नावर रात्रंदिवस चालणाऱ्या चर्चा मूळ मुद्दा सोडून जातात. खरा प्रश्न आहे तो माणसाच्या भावनेचा. ती कोणाकडे वाहते आहे, पलीकडे ती स्वीकारणारे कोणी आहे काय आणि तिचा लाभ कोण उठवीत आहे, हे पाहिले पाहिजे.

पलीकडे कोणी असणे आणि नसणे

ही कसोटी लावली की वरवर सारखी दिसणारी साधने दोन अगदी भिन्न वर्गांत विभागली जातात. टोकियोतील निहोनबाशी भागात २०२१ पासून एक उपाहारगृह कायमस्वरूपी सुरू झाले आहे. तेथे ग्राहकांचे स्वागत करणारे, मागणी विचारणारे आणि पेय आणून देणारे यंत्रमानव आहेत. त्यांचे नाव 'ओरिहिमे'. परंतु हे यंत्रमानव स्वतः बोलत नाहीत. दूर कोठे तरी आपल्या घरी, कित्येकदा अंथरुणाला खिळलेली अपंग वा दुर्धर आजाराची माणसे ते चालवितात. ज्यांना हातही हलविता येत नाही, ते केवळ डोळ्यांच्या हालचालीने यंत्राला सूचना देतात. ग्राहकाशी जो संवाद होतो, तो त्या माणसाशी होतो.

या यंत्रमानवाचे निर्माते केन्तारो योशिफुजी हे लहानपणी आजारपणामुळे सुमारे साडेतीन वर्षे शाळेपासून दूर राहिले होते. आपण जेथे असायला हवे तेथे नसण्याचे दुःख काय असते, हे त्यांनी भोगले होते. त्यांनी ओरिहिमेचा चेहरा जपानच्या पारंपरिक नोह नाट्यातील मुखवट्यासारखा, जवळजवळ भावशून्य ठेवला. चेहऱ्यावर यंत्राचे हसू कोरलेले नसेल, तर पाहणारा त्या मुखवट्यामागच्या माणसाची कल्पना करील, हा त्यामागील विचार. पारोचे डोळे आपल्याला यंत्रातच गुंतवून ठेवतात. ओरिहिमेचा मुखवटा आपल्याला यंत्रापलीकडे पाहण्यास सांगतो.

पहिल्या वर्गातील यंत्र हा पूल आहे. त्याच्या एका टोकाला माणूस आहे आणि दुसऱ्या टोकालाही माणूस आहे. दुसऱ्या वर्गातील यंत्र हा आरसा आहे. त्यात दिसणारी माया, काळजी, आपुलकी ही आपलीच असते, फक्त ती दुसऱ्याची वाटते. आरसा वाईट नसतो. पण आरशात दिसणाऱ्याशी संसार थाटता येत नाही.

आवाहन आणि विसर्जन

आता पुन्हा कोफुकुजीच्या मंदिराकडे येऊ. जपानमध्ये वापरून झिजलेल्या सुयांना आणि जुन्या बाहुल्यांनाही विधिपूर्वक निरोप देण्याची प्रथा आहे. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे, यंत्रे यांची पूजा होते. कारखान्यातील कामगार ज्या यंत्रावर वर्षभर राबतो, त्याला त्या दिवशी झेंडूची माळ घालतो. यात यंत्राला माणूस समजण्याचा गोंधळ नाही. जे आपल्या उपयोगी पडले त्याविषयीची कृतज्ञता आहे. त्या दृष्टीने पाहिले तर आयबोचा अंत्यविधी हा वेडाचार ठरत नाही. उलट, ज्यावर आपण जीव लावला त्याला टाकाऊ मालासारखे फेकू नये, हे संस्कृतीचे लक्षण म्हणावे लागेल.

खरी चिंतेची बाब वेगळीच आहे. मातीच्या गणेशमूर्तीत आपण देवत्वाचे आवाहन करतो आणि दीड, पाच वा दहा दिवसांनी तिचे विसर्जनही आपणच करतो. भक्ताला आरंभ ठाऊक असतो, शेवट ठाऊक असतो आणि दोन्ही त्याच्या हाती असतात. सोबती यंत्रांच्या बाबतीत आवाहन आपण करतो, विसर्जन मात्र कंपनी करते, तेही आपल्या ताळेबंदाकडे पाहून. 'जिबो' नावाचा घरगुती यंत्रमानव २०१७ मध्ये अमेरिकेत घरोघर पोहोचला आणि त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाने उत्कृष्ट शोधांच्या यादीत त्याचा समावेश केला. २०१९ साली त्याच जिबोने आपल्या घरमालकांना स्वतःच्या तोंडाने सांगितले की, आपल्याला चालविणारे दूरचे संगणक बंद होणार आहेत. त्यानंतर त्याने सर्वांचे आभार मानले आणि एक शेवटचा नाच करून दाखविला.

'मॉक्सी' या लहान मुलांसाठीच्या यंत्रमानवाची कथा अधिक क्लेशदायक आहे. सुमारे ८०० डॉलर किमतीचा हा 'मित्र' आईवडिलांनी मुलांना घेऊन दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने पैशाअभावी व्यवसाय बंद करीत असल्याचे जाहीर केले. आता हा मित्र बोलेनासा होणार, हे पाच-सात वर्षांच्या मुलाला कसे समजावून सांगायचे, हा प्रश्न आईवडिलांपुढे उभा राहिला. खेळणे मोडले तर मूल रडते आणि विसरते. पण ज्याला मित्र म्हणून आणले, तो भांडवलाच्या गणितात न बसल्यामुळे मुका झाला, हा धडा मुलांनी मैत्रीविषयी शिकावा काय?

फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या एमबीसी या दूरचित्रवाहिनीने एक माहितीपट दाखविला. २०१६ साली आजाराने दगावलेल्या सात वर्षांच्या मुलीची आभासी प्रतिमा तयार करून तिची तिच्या आईशी 'भेट' घडविण्यात आली. डोळ्यांवर पडदा, हातांत स्पर्शाचा आभास देणारे मोजे घातलेली ती आई हवेत हात फिरवीत आपल्या लेकीला कुरवाळीत होती आणि रडत होती. त्या मातेच्या दुःखाविषयी न्यायनिवाडा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिला त्यातून काही समाधान लाभले असेल, तर तेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु एकदा घडलेली भेट आणि दरमहा वर्गणी भरून रोज घडणारी भेट यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. श्राद्धकर्मातही दिवंगतांचे स्मरण वर्षातून ठरावीक तिथीला होते. स्मरणाला दिलेली ही मर्यादा जिवंतांनी पुन्हा जिवंतांकडे वळावे यासाठी असते. ज्या व्यवसायाची कमाई माणूस दुःखात किती काळ गुंतून राहतो यावर अवलंबून असेल, तो अशी मर्यादा आपण होऊन घालील, अशी अपेक्षा करणे भोळेपणाचे ठरेल.

वार्धक्य आणि यंत्राची सोबत

या साऱ्याचा सर्वाधिक संबंध वृद्धांशी आहे. जपानमध्ये दर शंभर माणसांतील सुमारे २९ जण पासष्टी ओलांडलेले आहेत. २०२४ या एका वर्षात तेथे सुमारे ७६ हजार माणसे आपल्या घरात एकटी असताना मरण पावली आणि त्यांतील तीन-चतुर्थांश पासष्ट वर्षांवरील होती, असे तेथील पोलीस खात्याची आकडेवारी सांगते. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०२२ पासून शेकडो एकाकी वृद्धांच्या घरी 'एलिक्यू' नावाची बोलकी सोबती यंत्रे पुरविली. ज्या प्रश्नाला कुटुंब आणि शेजार यांनी उत्तर द्यायचे, त्याला उत्तर देण्याची जबाबदारी हळूहळू यंत्राकडे सरकत आहे.

या यंत्रांचा उपयोग होतो काय? प्रामाणिक उत्तर असे की, काही प्रमाणात होतो. ऑस्ट्रेलियातील २८ वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंशाच्या ४१५ रुग्णांवर पारोचा एक मोठा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एकाला चालू स्थितीतील पारो दिला, दुसऱ्याला आतील यंत्रणा बंद केलेला, म्हणजे निव्वळ मऊ खेळणे झालेला पारो दिला आणि तिसऱ्याला नेहमीचीच शुश्रूषा मिळाली. नेहमीच्या शुश्रूषेच्या तुलनेत पारोमुळे रुग्णांची मनःस्थिती सुधारली आणि अस्वस्थता कमी झाली. मात्र बंद पडलेल्या पारोपेक्षा चालू पारो सरस ठरला तो केवळ रुग्णाला गुंतवून ठेवण्यात. याचा अर्थ, मांडीवर काही तरी मऊ घेऊन कुरवाळायला मिळणे, यातच लाभाचा बराचसा भाग होता. ज्या हातांना कित्येक दिवसांत कोणाचा स्पर्श मिळाला नव्हता, त्यांना तो मिळाला. हा निष्कर्ष यंत्राच्या महतीपेक्षा आपल्या समाजाच्या उणिवेविषयी अधिक सांगून जातो.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती आणि ती वेगाने वाढत आहे. पुणे, मुंबई, नाशिक येथील कितीतरी घरांत आज आईवडील दोघेच, किंवा दोघांतले एकच राहतात. मुले अमेरिकेत, युरोपात किंवा बंगळुरूला असतात. रोज रात्री मोबाइलच्या पडद्यावर नातवंडांचे चेहरे दिसतात. त्या पडद्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तो ओरिहिमेप्रमाणे पूल आहे. पलीकडे खरोखरीचा नातू आहे, तो आजोबांना प्रश्न विचारतो आहे, कधी कंटाळून पळूनही जातो आहे. त्याचे ते पळून जाणेदेखील खरे आहे. उद्या याच घरात न कंटाळणारे, न पळणारे, आजोबांची तीच गोष्ट शंभराव्यांदा तितक्याच कौतुकाने ऐकणारे यंत्र आले, तर मुलगा मनाशी म्हणेल, 'बाबांना सोबत आहे.' आणि रोजचा दूरध्वनी आठवड्यावर जाईल. धोका यंत्राने आजोबांना फसविण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो आपण स्वतःला फसविण्याचा आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. ज्याला कोणीच नाही, त्याला यंत्राची तरी सोबत असू द्या. काहीच नसण्यापेक्षा ते बरे नव्हे काय? उपाशी माणसाला तत्त्वज्ञान सांगू नये, हे खरेच आहे. ज्या स्मृतिभ्रंश झालेल्या आजी पारोला कुरवाळून शांत झोपी जातात, त्यांच्या मांडीवरून तो हिसकावून घेण्याचा विचारही कोणी करू नये. परंतु 'ज्याला कोणीच नाही' ही स्थिती आकाशातून पडलेली नसते. शेजारी, नातलग, मित्र, मंडळे, वाचनालये, देवळातील कट्टे यांची एकेक फळी ढासळत जाते, तेव्हा ती निर्माण होते. यंत्र ही मलमपट्टी आहे. मलमपट्टी आहे म्हणून जखम होऊ देणे हे कोणत्याही वैद्यकशास्त्रात बसत नाही.

काय करावे?

या संदर्भात तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे, असे वाटते. पहिली गोष्ट सत्यतेची. समोर यंत्र आहे की माणूस, हे वापरणाऱ्याला निःसंदिग्धपणे कळले पाहिजे. २०२४ साली युरोपीय संघाने कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी केलेल्या कायद्यात तशी तरतूद आहे. भारतातही ती असावी. अर्थात, कळल्याने भास नाहीसा होत नाही, हे आपण वर पाहिलेच; म्हणून केवळ एवढ्यावर भागणार नाही. दुसरी गोष्ट विसर्जनाच्या अधिकाराची. वृद्धांना वा बालकांना सोबती म्हणून यंत्र विकणाऱ्या कंपनीने, व्यवसाय बंद पडला तरी ते यंत्र ठरावीक काळ चालू राहील, अशी व्यवस्था आधीच करून ठेवली पाहिजे. त्याच्यापाशी बोललेल्या खासगी गोष्टींवर कंपनीचा हक्क असता कामा नये. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शासकीय रुग्णालये, वृद्धाश्रम वा सेवाभावी संस्था यांनी असे साधन घेताना त्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: हे आल्यानंतर येथे माणसांची वर्दळ वाढणार आहे की घटणार आहे? पारोला मध्ये ठेवून परिचारिका आणि रुग्ण गप्पा मारू लागले, तर यंत्र पूल झाले. पारो दिला म्हणून परिचारिकांची एक जागा कमी केली, तर तेच यंत्र भिंत झाले.

मराठी भाषेने या विषयात फार मोलाचा भेद करून ठेवला आहे. उपस्थिती, सान्निध्य आणि सहवास हे तीन शब्द समानार्थी वाटले तरी तसे नाहीत. उपस्थिती हजेरीपटावर लागते. सान्निध्य जवळ असण्याने घडते, आणि ते आता यंत्रालाही निर्माण करता येऊ लागले आहे. सहवास मात्र 'सह' असल्याखेरीज होत नाही. त्याला दोघे लागतात. दोघांनीही काही द्यावे लागते, काही सोसावे लागते आणि दोघांपैकी एक गेला तर दुसऱ्याचे काही कमी व्हावे लागते. आयबो गेल्यावर त्याच्या घरची माणसे रडली; घरातील माणूस गेला असता, तर आयबो रडला नसता.

आईवडिलांच्या निर्वाहासाठी आपल्या देशात २००७ साली कायदा झाला. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची हमी कायदा देऊ शकतो. सहवासाची हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही आणि कोणतेही यंत्रही देऊ शकत नाही. ते काम आपलेच आहे. आपल्या आळीत, आपल्या इमारतीत एकटे राहणारे जे कोणी असेल, त्यांच्या दारावरची घंटा या आठवड्यात एकदा वाजवावी. आतून कोण आहे म्हणून विचारणा होईल. तिला उत्तर द्यायला दाराबाहेर माणूस उभा असावा, एवढी काळजी समाज म्हणून आपण घेतली, तरी यंत्रांच्या मायेला भिण्याचे फारसे कारण उरणार नाही.